विषयाचा कौल

२७ मे १९८४, रविवार. घरापुढच्या खळ्यात कोकमाच्या झाडाचे दोन टोपल्या रातांबे ओतलेले होते आणि ते दुपारच्या आत फोडून व्हायला हवे होते. रातांबे वाट पाहत नाहीत. पिकले की दोन दिवसांत मऊ पडतात, आणि मे संपत आला की आभाळाचा भरवसा नसतो. मी फळ दाबून फोडायची, बिया आणि रस पातेल्यात, सालं सुपात. आई त्या रसात मीठ घालून सालं बुडवायची आणि उन्हात पसरायची. असं चार-पाच दिवस रोज पूट दिलं की वर्षभराची सोलं, म्हणजे आमसुलं, तयार. हात मनगटापर्यंत लाल होतात आणि बरेच दिवस तसेच राहतात.

त्या दिवशी आणखी एक काम संपवायचं होतं. माझं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष झालं होतं. तिसऱ्या वर्षाला कोणता विषय घेणार याचा अर्ज सोमवारी कॉलेजच्या ऑफिसात द्यायचा होता. एकदा दिला की बदलून मिळणार नाही, असं नोटीस बोर्डावर लिहिलेलं होतं. मला वनस्पतिशास्त्र हवं होतं. बाबांना माझ्यासाठी रसायनशास्त्र हवं होतं. अर्ज आठवडाभर कपाटावर कोरा पडून होता.

बाबा तहसील कचेरीत कारकून होते. दाखल्यासाठी येणारे पदवीधर ते रोज खिडकीतून बघत. त्यामुळे त्यांच्या लेखी विषय दोनच प्रकारचे, नोकरी लावणारे आणि न लावणारे. वनस्पतिशास्त्र दुसऱ्या प्रकारात मोडत होतं. "झाडां तर आमच्या गड्याकय कळतत, तेका डिग्री कशाक होई?" असं ते म्हणायचे. बोलण्यात तिरकसपणा असला तरी त्यांची काळजी खरी होती. मुलीला शिकवलं आणि ती पदवी घेऊन घरी बसली, असं त्यांना होऊ द्यायचं नव्हतं. मलाही घरी बसायचं नव्हतं. त्या बाबतीत आमच्यात काही भांडण नव्हतं.

मी माझ्या परीने चौकशी केली होती. नोकरीबद्दल विचारलं की सगळे पगार सांगतात, मान सांगतात, बदली कुठे होते ते सांगतात. दहा ते पाच माणूस नेमकं काय करतं ते कोणी सांगत नाही. म्हणून मी नोकरी करणाऱ्या दोन बायकांना फक्त दिवस विचारला.

पहिली बाबांच्या मावसभावाची सून. दोडामार्गला राहायची आणि रोज गोव्यातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत जायची. सुट्टीत मी तिच्याकडे दोन दिवस राहिले. सकाळी सहाची गाडी, मग पांढरा कोट, मग दिवसभर बाटल्या. नमुना आला की तपासायचा, आकडा लिहायचा, पुढचा नमुना घ्यायचा. तिला ते आवडत होतं. तिथे पंखा आहे, कोणी ओरडत नाही आणि आपला आकडा चुकला नाही की झालं, असं ती म्हणाली. ऐकताना मला जांभई आली. दोष तिचा नव्हता.

दुसरी आमच्या कॉलेजच्या रस्त्यावरच्या सरकारी रोपवाटिकेतली बाई. आंब्याची आणि काजूची कलमं तिच्या ताब्यात होती. मी एसटीतून उतरून सरळ आत गेले आणि तिला दिवस विचारला. ती म्हणाली, उभी राहून काय विचारतेस, चल माझ्याबरोबर. तासभर मी तिच्या मागून फिरले. तिने एका माणसाला पाणी जास्त घातलं म्हणून झापलं, दोन मेलेली कलमं सुरीने उभी चिरून आत बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं, मग पुन्हा कोणाला तरी झापलं. चपला चिखलाने भरलेल्या, कमरेला किल्ल्या. घरी येताना माझं ठरलेलं होतं.

हे सगळं मी बाबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "झापूक डिग्री लागणा नाय."

मी म्हटलं, "गड्याक कलम बांधूक येता. पण ता कित्याक मेला, ता सांगूक येणा नाय."

पण आमच्या घरात अडलेल्या गोष्टीचा निकाल बोलण्याने लागत नसे. त्याला कौल लागायचा. ग्रामदेवतेच्या पाषाणाला गुरव ओल्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालून प्रश्न सांगतात आणि मग सगळे वाट पाहतात. उजवीकडची पाकळी पडली की होय, डावीकडची पडली की नाही. आमची विहीर कौल घेऊन खणली होती. भावाचं लग्न कौल घेऊन एक वर्ष पुढे गेलं होतं. मिळालेल्या कौलाच्या विरुद्ध जायचं कोणाच्या मनातही येत नसे, आणि मीही त्याच घरातली.

त्या रविवारी मी पहिली टोपली संपवत आणली तेव्हा बाबा देवळातून आले. हातात नारळाची अर्धी कवड होती. पायरीवर चपला काढता काढताच त्यांनी सांगितलं, "देवान रसायन दिल्यान."

आईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हातातला रातांबा फोडला. रडायला आलं होतं असं म्हटलं तर वाचायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. प्रयोगशाळेत आम्हाला एक सवय लावली होती. उत्तर आलं की आधी प्रयोग कसा केला ते बघायचं. मी विचारलं, "गाऱ्हाणा काय घातलात?"

त्यांनी शब्दाला शब्द सांगितलं. कचेरीतल्या माणसाची स्मरणशक्ती. "चेडवान रसायन घेतल्यान तर तेका नोकरी गावतली काय? उजवी पाकळी लगेच पडली."

"आणि वनस्पतीचा?"

"ता कशाक विचारू?"

मग मला कळलं की देवाने माझ्या विषयाला नाही म्हटलेलंच नव्हतं. देवाला तो विषय कोणी सांगितलाच नव्हता. मी तसं बोलले. बाबा ओटीवर बसले. मनात ते सकाळचं वाक्य पुन्हा तपासत असावेत, कारण त्यांचे ओठ हलत होते. आई रसात सालं बुडवत होती. ती मान वर न करता मला म्हणाली, "हय बसान वाद घालू नको. बारा वाजेसर कौल लावतत. जा आणि विचार. हात धुवन जा."

हात धुऊन काही उपयोग नव्हता, पण धुतले. बाबांनी पुन्हा चपला घातल्या. प्रश्न तेच सांगणार होते. मी सांगितला तर माझ्या बाजूने वळवून सांगेन, अशी त्यांना शंका होती, आणि ती अगदीच चुकीची नव्हती.

गुरव म्हातारे होते. बाबा तासाभरात परत आलेले बघून त्यांनी आधी त्यांच्याकडे, मग माझ्या हातांकडे बघितलं.

"सकाळचो निकाल पटलो नाय काय? तुमच्या हापिसात चलता तसा अपील हय चलणा नाय हां."

"अपील नाय," बाबा म्हणाले. "नवो अर्ज."

गुरव हसले आणि ताम्हनात पाकळ्या भिजवायला लागले. बाबांनी प्रश्न सांगितला, सकाळच्याच शब्दांत, फक्त विषय बदलून. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान झाडापेडांचा शास्त्र घेतल्यान तर तेका नोकरी गावतली काय, तुझो काय तो कौल दी. आम्ही दोघं "होय म्हाराजा" म्हणालो आणि वाट बघत उभे राहिलो.

सकाळी लगेच पडली म्हणे. आता पडेना. बाहेर सभामंडपात कोणीतरी झाडू मारत होतं, त्याचा आवाज थांबला तरी पाकळ्या जागेवर होत्या. डावी खालून जराशी सुटलेली दिसत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. आपण उगाच आलो, असंही वाटून गेलं. सकाळच्या कौलाने माझा विषय निदान नाकारला तरी नव्हता. आता नाकारला गेला तर पुढे बोलायला तोंड राहणार नव्हतं.

उजवी पडली.

"देवाक दोनूय चलतत," गुरव म्हणाले आणि पाकळी उचलून माझ्या लाल तळहातावर ठेवली.

बाबांचं समाधान झालं नव्हतं. दोन अर्जांवर दोन्ही मंजूर असा शेरा आला तर कारकुनाने करायचं काय? त्यांनी गुरवांना सांगितलं की आता तिसरा कौल लावा, दोघांतला बरा कुठला ते विचारा, म्हणजे प्रश्नच मिटला. गुरवांनी पुन्हा पाकळ्या घेतल्या.

मी आयुष्यात देवळात मोठ्याने बोललेली ती एकच वेळ. "नको," मी म्हटलं. "देवान दोनूय दिल्यान. आता एक माका घेवक दिया."

गुरवांच्या हातातून पाणी निथळत होतं. मी श्रद्धेने बोलले की भीतीने, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. हातात आलेला होय पुन्हा पणाला लावायचा नव्हता, एवढं खरं.

गुरवांनी पाकळ्या ताम्हनात परत टाकल्या. "जेका शिकूचा आसा, तेणाच सांगूचा," ते बाबांना म्हणाले. "परीक्षेक तुम्ही बसतलात काय?"

बाबांनी टोपी सारखी केली, नमस्कार केला आणि बाहेर पडले. अर्ध्या वाटेपर्यंत ते पुढे आणि मी मागे. पुलाशी ते थांबले. रागावलेत असं मला वाटलं होतं, पण ते म्हणाले, "माझो प्रश्नच अर्धो होतो. अर्धो प्रश्न घेवन खिडकीर कोण इलो तर मी तेका परत धाडतंय."

घरी आल्यावर मी दुसरी टोपली फोडायला बसले. चारच्या सुमारास ती संपली. तेव्हा बाबांनी कपाटावरचा अर्ज काढला. माझ्या बोटांनी कागद डागाळला असता, म्हणून तो त्यांनीच भरला. नाव, पत्ता, मिळालेले गुण, सगळं कचेरीतल्या घोटीव अक्षरात. विषयाच्या रकान्यापाशी त्यांनी विचारलं नाही. वनस्पतिशास्त्र असं लिहिलं, शाई वाळू दिली आणि खाली पालक म्हणून सही केली. माझी सही तेवढी मला करावी लागली. तिच्याशेजारी फिकट लाल ठसा उमटलाच.

नोकरी लागली, पण पदवीनंतर चार वर्षांनी. मधल्या काळात मी शाळेत बदली शिक्षिका होते. किती दिवसांत लागेल ते देवाने सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. बाबांनी त्या चार वर्षांत एकदाही रसायनाचं नाव काढलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते. रोपवाटिकेत लागल्यापासून आजवर मी बरीच मेलेली कलमं उभी चिरून बघितली आणि बऱ्याच माणसांना झापलं. दहा ते पाच काय करावं लागेल ते मला आधीच माहीत होतं, त्यामुळे कुरकुर करायला जागा उरली नाही.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी सकाळच्या पहिल्या एसटीने कॉलेजला गेले. ऑफिस उघडायच्या आधी पायरीवर बसून राहिले आणि अर्ज देऊन पोच घेतली. येताना रोपवाटिकेपाशी उतरले. बाई शेडमध्ये पिशव्यांत माती भरून घेत होत्या. मी त्यांना सांगितलं, विषय मिळाला, आता कलमं बांधायला कधीपासून येऊ? पाऊस लागला की ये, त्या म्हणाल्या, आणि चपला जुन्या घाल. मग मी पुढची गाडी पकडून घरी आले. ऊन चांगलं होतं. आदल्या दिवशीची सालं वाळली होती, ती गोळा केली आणि त्यांना दुसरं पूट दिलं.