भिंतीपलीकडचं कडवं

दर बुधवारी दुपारी रूथमावशींच्या घरी आम्हा बायकांची प्रार्थना असते. येशूचं नाव घेतलं म्हणून जगात जिथे माणसांना तुरुंगात टाकतात, घरं जाळतात, तिथल्यांसाठी. शेवटी एक गीत म्हणतो, पण त्याचं अखेरचं कडवं आवाजाशिवाय, नुसते ओठ हलवून. ही रीत मावशींनी यंदाच पाडली. म्हणाल्या, "त्यांना मोठ्यानं गाता येत नाही गं. एक कडवं आपणही त्यांच्यासारखं म्हणू."

या बुधवारी मी डोळे मिटलेच नाहीत. नऊ बायकांचे ओठ हलत होते आणि ऐकू येत होता फक्त पंखा. वाटलं, कुठल्या तरी परक्या गावात एक बाई अशीच खिडक्या लावून बसली असेल. मोकळ्या गळ्यानं एकदा गावं, एवढंच तिला हवं असेल. आणि तिला सगळ्यांत जास्त धाक असेल तो शेजारच्या भिंतीचा.

तेवढ्यात आमच्याच भिंतीपलीकडून सूर आला. शेजारच्या लताताई मेथी निवडत बसल्या होत्या. त्या चर्चमध्ये कधी आलेल्या नाहीत, पण इतकी वर्षं ऐकून आमचं गीत त्यांना पाठ झालंय. आम्ही मधेच अडलो असं समजून त्यांनी राहिलेलं कडवं आपलं आपणच म्हणून टाकलं, थोडं बेसूर, पण पूर्ण.

मावशींचे ओठ थांबले. आमेन म्हणायच्या आधी त्या हळूच म्हणाल्या, "प्रभू, त्यांनाही भिंतीपलीकडे अशी एखादी लता दे."