आर्डिस पाऊस्टियन आणि दोन वजनकाटे

आर्डिस पाऊस्टियन पडली की आधी इकडेतिकडे बघायची. कुणी पाहिलं नाही अशी खात्री झाली, की मग कुठे लागलंय ते तपासायची. हे मला कसं ठाऊक, असं विचारू नका. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी तिच्या मागच्या पायऱ्यांसमोर उघडते, आणि चाळीस वर्षं आयोवातल्या या गावात टपाल वाटून झाल्यावर डोळ्यांना काहीतरी काम हवंच की.

बाई एकोणऐंशीची. नवरा हार्लन असताना दोघांनी टेकडीपलीकडे डुकरं पाळली, मका पिकवला आणि म्हातारपणी शेत विकून नदीवरच्या उतारावर हे घर घेतलं. हार्लनला जाऊन अकरा वर्षं झाली. पुढच्या दाराला सात पायऱ्या, तळघरात उतरायला बारा. तळघरात तिच्या बरण्या होत्या: बीट, काकडी, घेवडा, पीच. मोजून दोनशे तरी असतील. एकट्या बाईला दोनशे बरण्या कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "तुझ्यासारखे फुकटे येतात म्हणून," म्हणाली. पत्त्यांत ती लबाडी करायची हे माजी सैनिकांच्या लिजन हॉलमध्ये खेळायला येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणी तक्रार करत नसे, कारण तक्रार करणाऱ्याला तिच्या हातची, रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई मिळत नसे.

ऑगस्टमध्ये ती मागच्या पायऱ्यांवर पडली. ते फक्त मला ठाऊक. सप्टेंबरात मात्र चर्चच्या तळमजल्यावर, एका मयताच्या जेवणात, हॅमच्या सँडविचांचं अख्खं तबक घेऊन पाद्र्याच्या पायाशी आडवी झाली. आता हे झाकणार कसं? संध्याकाळपर्यंत डे मॉइनला तिच्या लेकीला, जनेलला, तीन फोन गेले. त्यातला एकही माझा नव्हता. माझा लागेपर्यंत लाइन बिझी होती.

जनेल पुढच्या शनिवारी आली. मी त्याच दिवशी आर्डिसचं भांडं परत करायला गेलो, हा निव्वळ योगायोग. रिकामं भांडं परत द्यायचं नाही अशी आमच्याकडची रीत, म्हणून चार टोमॅटो टाकून नेलं. दोघी स्वयंपाकघरात उभ्या होत्या.

"आई, खरं सांग. यंदा किती वेळा पडलीस?"

"एकदा. आणि तेही त्या लोकांनी सतरंजी दुमडून ठेवली म्हणून."

"मग दंडावर हे काय?"

"कपाटाचं दार."

जनेलने माझ्याकडे पाहिलं. "लायल, तुम्ही समोर राहता. तुम्ही सांगा."

आर्डिसनेही माझ्याकडे पाहिलं. मी टोमॅटोंकडे पाहिलं. "यंदा बरे आलेत," मी म्हणालो.

जनेल खुर्चीवर बसली. वाईट मुलगी नाही ती. बापाला तिनेच सांभाळलं शेवटी. पण घाबरलेलं माणूस हुकूम सोडतं. ती म्हणाली, "प्रेअरी रेस्ट वृद्धाश्रमात मी बोलून ठेवलंय. छान खोली आहे, खाली पायऱ्या नाहीत. तू पुन्हा पडलीस तर हे घर विकायचं."

"मी त्या घरी जाणार नाही. तिथे सगळी म्हातारी माणसं असतात."

बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं: आर्डिसचा मोठ्या दवाखान्यातल्या कुठल्याच डॉक्टरवर विश्वास नाही, पण वेंडेल रोवरवर आहे. तर नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत तिने वेंडेलकडे जायचं. तो म्हणाला की तिचा तोल ठीक आहे, तर जनेल वसंतापर्यंत घराचा विषय काढणार नाही.

वेंडेल आमचा कायरोप्रॅक्टर. मणके, माकडहाडं, अडकलेले सांधे मोकळे करणारा. हा धंदाच मुळी नदीच्या खालच्या अंगाला, डॅव्हनपोर्टला सुरू झाला, त्यामुळे आमच्याकडे मान धरली की माणूस आधी त्याच्याकडे जातो आणि मग देवाकडे. वेंडेलचा बापही हेच करायचा. बापाचेच दोन वजनकाटे त्याने ठेवलेत, न्हाणीघरात असतात तसले, शेजारी शेजारी. एक पाय एकावर, दुसरा दुसऱ्यावर. सरळ उभं राहायचं, समोरच्या भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडे बघायचं, आणि तो दोन्हीकडचे आकडे लिहून घेणार.

पहिल्या मंगळवारी आर्डिसचा उजवा पाय डाव्यापेक्षा अकरा पौंड जड भरला. माझी वेळ तिच्या मागची, त्यामुळे बाहेर बसून मला सगळं ऐकू यायचं. दार वेंडेलच नीट लावत नाही.

"आर्डिसबाई, या आठवड्यात कधी तोल गेला का?"

"तसं काही वाईट नाही."

आता तुम्ही आमच्या लोकांना ओळखत नसाल तर सांगतो. हे उत्तर नव्हे, ही सवय आहे. मका काढायच्या यंत्रात हात गेलेला माणूससुद्धा आमच्याकडे "तसं काही वाईट नाही" म्हणतो आणि गाडीच्या सीटवर रक्त सांडल्याबद्दल माफी मागतो. आणि ऐकणाऱ्याने पुढे खोदायचं नसतं, ते असभ्य. वेंडेलही इथलाच. त्याला चर्चच्या रविवारच्या शाळेत आर्डिसनेच शिकवलेलं. त्याने खोदलं नाही.

मात्र काम त्याने मन लावून केलं. मान, मग पाठ, मग डावं खुब्याचं हाड, जे हार्लनच्या एका डुकरिणीने तीस वर्षांपूर्वी ढकललं होतं. शिवाय घरी करायचे व्यायाम: बेसिनची कड धरून एका पायावर उभं राहायचं, टाचेला चवडा लावत रेघेवर चालायचं. ऑक्टोबर संपेतो आर्डिसची मान वळायला लागली. गाडी मागे घेताना ती आता खरोखर मागे बघायची. आमच्या गल्लीतल्या मांजरांना तेवढाच दिलासा. काटे म्हणाल तर अकराचे नऊ झाले, नवाचे सात.

आणि सातावर अडकले.

तिच्या डोक्यात एकच बसलं होतं: दोन्ही काटे सारखे आले की घर वाचलं. असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण कायम शेतमाल तोलून विकलेली बाई ती. काट्यावर जे येतं ते खरं, हे तिच्या हाडात मुरलेलं.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या मंगळवारी पार्किंगमध्ये पातळ बर्फ धरलं होतं. आर्डिस लांब तपकिरी कोट घालून आली आणि आत गेल्यावर कोट काढेना.

"आज काढायचा नाही का?" वेंडेलने विचारलं.

"गारठलेय."

"बरं, चढा." मग वेंडेल म्हणाला, "अरे वा. दोन्ही सारखे."

"म्हणजे झालं तर."

"पण बाई, एका आठवड्यात सात पौंड वाढलात?"

"पाई भाजते आहे सणासाठी. चव घ्यावी लागते."

वेंडेल हसला. इथेच त्याने थांबायला नको होतं. पण वयस्क बाईच्या वजनावरून दुसरा प्रश्न विचारायचा म्हणजे कठीणच. त्याने तसाच तिचा मानेचा सांधा पाहिला आणि म्हणाला, जनेलला मी दोन ओळी लिहून देतो.

बाहेर येताना आर्डिसने मला डोळा मारला. पत्त्यांत हुकमाचा गुलाम बाहीतून काढल्यावर मारते तसा. मी तिच्यासाठी दार धरलं. बाहेर तीनच पायऱ्या. दुसरीवर ती मला काहीतरी टोमणा मारायला मागे वळली, आणि कोटाची डावी बाजू तिला ओढत खाली घेऊन गेली. घंटेचा लोलक जसा एकदा हलला की थांबत नाही, तशी गेली. आधी मनगटाचा आवाज आला. मग अस्तर टरकलं आणि बर्फावर टपटप, टपटप.

शिशाची वजनं. हार्लनच्या मासेमारीच्या पेटीतली. मोठ्या मिसिसिपी मागूरांसाठी गळाला बांधतो ती, नासपतीच्या आकाराची. सात पौंड भरतील एवढी तिने कोटाच्या डाव्या अस्तरात शिवली होती.

"लायल, उचल!"

"थांब, तुझ्या काखेत हात घालतो."

"मला नाही रे मूर्खा, शिसं! आधी शिसं उचल!"

मी उचललं. ऐंशी वर्षांचा माणूस बर्फावर रांगत नवऱ्यामागे राहिलेल्या बाईचं शिसं गोळा करतोय. खिसे भरले, पँट सुटायला आली. वेंडेल धावत बाहेर आला तेव्हा मी एका हाताने पँट धरून उभा आणि आर्डिस पायरीवर बसून पांढरीफटक, मनगट मांडीवर ठेवून म्हणतेय, "बर्फ. बर्फावरून कुणीही घसरतं."

मनगट मोडलं होतं. प्लास्टर झालं. तिने जनेलला फोनवर तेच सांगितलं, सारं आयोवा घसरतंय आज. आणि वर: "वेंडेलने काट्यावर पाहिलंय. समसमान."

मला म्हणाली, "तू तोंड उघडलंस तर."

आर्डिसचं पडणं सोडलं, तर आजवर मी या गावात कुणाचं काही पोटात ठेवलेलं नाही. कुणाच्या घरी कुठल्या बाईची पत्रं येतात हेही नाही. पण हे ठेवलं. दोन दिवस ती वजनं माझ्या जेवणाच्या टेबलावर होती आणि मी त्यांच्या शेजारी बसून सूप प्यायलो. मन लागेना. हसावं तर तिच्या मनगटाचा आवाज आठवे.

गुरुवारी म्हणजे थँक्सगिव्हिंगलाच जनेल रात्रीपर्यंत पोचणार नव्हती, नवऱ्याकडचे लोक आधी उरकायचे होते. सकाळी मी खिडकीतून पाहिलं, तर आर्डिसच्या तळघराचा दिवा लागलेला. मी कॉफी प्यायलो. दिवा तसाच. पेपर वाचला. दिवा तसाच. मग मी कोट न घालताच गेलो.

स्वयंपाकघरात भांडं करपलं होतं. ती तळघराच्या पायऱ्यांवर, वरून चौथ्या पायरीवर बसली होती. चांगल्या हातात बीटची बरणी.

"काय करतेस?"

"बसलेय."

"कधीपासून?"

"जरा वेळ." मग तिचा आवाज फाटला. "उठलं की सगळं काळं होतं, लायल. दोनदा उठून पाहिलं. म्हणून बसले."

तिने हे मला सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी तिला वर आणलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि तिच्याच फोनवरून, तिच्यासमोर, वेंडेलला बोलावलं. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "टपालवाल्या." त्यात इतक्या वर्षांचं शेजारपण संपल्याचं मला ऐकू आलं.

वेंडेल सणाचं टर्कीचं जेवण अर्धवट टाकून आला. मी शिशाची पिशवी टेबलावर ठेवली. त्याने एक वजन उचलून हातात फिरवलं, परत ठेवलं.

"आर्डिसबाई, काटे सारखे आले म्हणजे माणूस पडत नाही, असं मी कधी म्हणालो?"

"मग कशाला उभं करतोस त्यांच्यावर?"

"तुम्ही कुठल्या अंगावर भार टाकता ते बघायला. पडण्याचं तुम्हालाच विचारत होतो दर आठवड्याला. तुम्ही सांगितलं नाहीत, आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. दुसरं माझं चुकलं." मग त्याने खुर्ची जवळ ओढली. "किती वेळा पडलात? आता मी पाच मिनिटं गप्प बसतो."

घड्याळाचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता.

"सहा," ती म्हणाली.

मी मोजलेले चार होते. दोन मलाही ठाऊक नव्हते, हे मान्य करताना आजही वाईट वाटतं.

तो प्रत्येकाबद्दल विचारत गेला. कुठे, कशावरून उठताना, डोकं फिरलं की पाय अडखळला. सहापैकी चार वेळा ती नुकतीच उठून उभी राहिली होती. वेंडेलने पेन खाली ठेवलं.

"मान मी मोकळी केली, खुब्याला फरक पडला, पायात जोर येतोय. ते चालू ठेवू, त्याने मदत होईल असं मला वाटतं. पण उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती माझ्या हातांनी जायची नाही. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीने असेल, आणखी कशाने असेल. मोठ्या दवाखान्यात जायचं. सोमवारी. मी घेऊन जातो."

"आणि जनेल?"

"मी खोटं लिहिणार नाही. पण आकडा तुम्ही सांगा. माझ्याकडून ऐकला तर तिला तुमचं कधीच काही खरं वाटायचं नाही."

तिने बसूनच फोन लावला. पलीकडे पंगतीचा गलका ऐकू येत होता. "जनेल, सहा," ती म्हणाली. "एकदा नाही. सहा." मग तिने रिसीव्हर कानापासून जरा दूर धरला, कारण लेक रडत होती, आणि रडणं ऐकायची सवय आमच्याकडे कुणालाच नाही.

मोठ्या डॉक्टरने गोळी निम्मी केली. जनेल चार दिवस राहिली. आरडाओरडा केला नाही, त्यामुळेच आर्डिस जास्त घाबरली असावी. न्हाणीघरात कठडे बसले, पायऱ्यांना दुसऱ्या बाजूनेही कठडा बसला, वेंडेलकडे आठवड्यातून दोनदा. तळघराला कुलूप, आणि किल्ली समोरच्या घरात, म्हणजे माझ्याकडे. प्रेअरी रेस्टच्या यादीत नाव घालायच्या कागदावर आर्डिसने चांगल्या हाताने सही केली. सही करताना पेन दोनदा थांबलं. जनेल खिडकीबाहेर बघत होती.

तेव्हापासून आर्डिस माझ्याशी बोलत नव्हती. मागच्या दारावर चिठ्ठी असायची: बीट दोन, काकडी एक. मी कुलूप काढून बरण्या वर आणायचो. ती बेसिनला पाठमोरी, एका पायावर उभी. मी तिच्या पाठीला गावाच्या बातम्या सांगायचो. कोण कुणाशी फिरतंय, पाद्र्याच्या बायकोने केस काळे केलेत, सगळं. कान तांबडे व्हायचे, एवढंच. एकदा म्हणालो, "पाय बदल की, हा केव्हाचा वर आहे." तिने बदलला.

फेब्रुवारीत प्रेअरी रेस्टचं पत्र आलं. खोली रिकामी झाली होती, दहा दिवसांत कळवा. लिफाफा मी टपालवाल्याच्या नजरेनेच ओळखला. बेसिनशेजारी, साबणाच्या वाटीला टेकवून तिने तो ठेवला होता, फोडलेला.

सहाव्या दिवशी मी बरण्या ठेवून निघालो, तेव्हा ती बेसिनकडेच बघत बोलली.

"काल अंथरुणातून उठताना तोल गेला. कठडा धरला. पडले नाही."

मी दारात थांबलो.

"जनेलला सांगितलंय," ती म्हणाली. "सकाळीच. तिने विचारायच्या आधी."

पत्राचं मी विचारलं नाही. घरी आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा खिडकीचा पडदा ओढून घेतला.