मापावरचा घोट

माझा केकचं साहित्य मोजायचा पेला आता स्वयंपाकघरात नाही. तो ट्रॅक्टरच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला आहे. मागच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत तेव्हा मी विषय टाळला, कारण या गोष्टीत आकडे आहेत आणि आकडे लिहून सांगितलेलेच बरे.

तुमच्या धाकट्या आजोबांनी, म्हणजे माझ्या दिरांनी, यंदा ट्रॅक्टरमागे जोडायचं फवारणी यंत्र घेतलं. चारशे लीटरची टाकी, दोन्ही बाजूंना पंखांसारखे दांडे, दांड्यांवर बारा नोझल आणि चालवणाऱ्यासमोर एक मीटर. किती लीटर औषध गेलं हे मीटर सांगतं आणि भाऊजी ते ऐकतात. घरात दुसऱ्या कुणाचं ते इतकं ऐकत नाहीत. पहिल्याच फवारणीत मीटर म्हणालं, चारशे लीटर गेले. भाऊजींनी टाकीत डोकावलं, तर तळाशी चाळीसेक लीटर डुचमळत होतं. आठवड्याने पाहिलं तर आमच्या शेतातलं तणही टवटवीत.

हे घरातल्या घरात राहिलं असतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र शेजारणीच्या सोयाबीनमध्ये जायचं होतं. ही आम्हाला दूध घालते. तिचं शेत तीन एकर, तेवढंच. तणनाशक कमी पडलं तर तण पिकाला गिळणार, जास्त पडलं तर पीकच करपणार. त्यात पावसाची उघाड दोनच दिवसांची. आदल्या दुपारीच ती अंगणात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भाऊ, तुमचं मशीन खोटं बोलते म्हणे. मंग माह्या वावरात काऊन घालता?"

"खोटं नाही बोलत वो. थोडं फेकते," भाऊजी म्हणाले आणि यंत्राची इंग्रजी पुस्तिका माझ्या हातात दिली. "वहिनी, तुम्ही जिंदगीभर लोकायले इंग्रजी शिकवलं. आता हे वाचा बरं."

पुस्तिकेत सोपंच लिहिलं होतं. टाकीत साधं पाणी भरा. मीटर शून्यावर आणा. मीटर वीस लीटर दाखवेपर्यंत पंप चालवा, सगळ्या नोझलचं पाणी धरा आणि मोजा. फरक निघाला तर त्या प्रमाणात मीटरमधला आकडा बदला. मी वहीत तीन रकाने आखले: मीटर, माप, फरक.

टाकी तीनदा विसळली. बारा नोझलांखाली बारा भांडी हवी होती, पण विषाच्या यंत्राखाली ठेवायला गल्लीतून एक पातेलं मिळेल तर शपथ. शेवटी रंगाच्या रिकाम्या बादल्या गोळा केल्या. मोजायला शेजारणीने आपलं जुनं, चेपलं म्हणून दुधाच्या कामातून काढलेलं लीटरचं माप आणलं.

"मोजाचं मी पाहते," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून मोजूनच राह्यली मी."

पंप चालला. मीटर वीसवर आलं, पंप बंद. शेजारीण बादल्यांमधून मापाने पाणी काढून मोठ्याने मोजत गेली. सोळा भरले. मी सुबक अक्षरात लिहिलं: वीस, सोळा, चार. टाकीत चारशेपैकी चाळीस उरले होते, म्हणजे विसाला दोन; त्याच्याशी हा फरक जुळत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. पान फार छान दिसत होतं.

भाऊजींनी मीटरमधला आकडा बदलला. पुस्तिकेची शेवटची ओळ होती, पुन्हा एकदा तपासा. तेवढ्यात शेजारीण म्हशीला पाणी दाखवायला गेली, म्हणून या वेळी मी माझ्या केकच्या पेल्याने मोजलं. मीटरवर वीस, मापात साडेबावीस.

"आता तं जास्तच जाऊन राह्यलं!" भाऊजी डोकं धरून बसले.

शेजारीण परत आली. "तुमचा पेला शहरातला हाय, बाई. लाजून कमी घेत असन."

मी पेला एक लीटरच्या रेघेपर्यंत भरला आणि तिच्या मापात ओतला. काठोकाठ बसला. म्हणजे दोन्ही मापं खरी.

"पुन्हा मोजा बरं," मी म्हणाले, आणि या वेळी मापाऐवजी तिच्या हाताकडे पाहिलं.

"एक," तिने माप ओतलं. लगेच हात परत बादलीत गेला आणि घोटभर पाणी वर पडलं. "दोन." पुन्हा घोटभर.

"हे काय?"

"काय काय?"

"हे वरचं!"

"वरचं तं देतेच ना बाई. निस्तं मापाएवढं कोणी देते का?" म्हणता म्हणता ती थांबली, आपल्या हाताकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. "अन् उद्या माह्याच वावरात विषाचं वरचं गेलं असतं!"

भाऊजींनी जुना आकडा परत आणला. पुन्हा वीस लीटर, पुन्हा माझा पेला: अठरा. त्याप्रमाणे मीटर सुधारलं आणि शेवटचं तपासलं. वीसला वीस. खाडाखोडीचं पान मला फाडावंसं वाटत होतं, पण भाऊजींनी वही काढून घेतली.

सकाळी तीन एकर फवारून झाले. संध्याकाळी शेजारणीने माझ्या पातेल्यात एक लीटर दूध ओतलं आणि किटलीला झाकण लावलं.

"आणि वरचं?"

"वहीत कोणत्या रकान्यात हाय ते?"

आठ दिवस असंच चाललं. आमच्या चहाचा रंग बदलला आणि भाऊजी माझ्याकडे रागाने पाहू लागले. नवव्या दिवशी ती मुठीत पिवळं पडून वाळलेलं तण घेऊन आली आणि ते माझ्या ओट्यावर ठेवलं. शेजारी सोयाबीनचं एक पान ठेवलं, हिरवंगार, कुठेही डाग नाही. मग लीटरभर दूध मोजलं आणि माप पुन्हा किटलीत बुडवलं.

"घ्या," ती म्हणाली, "आठ दिवसांचं राह्यलेलं," आणि पातेलं ओसंडेपर्यंत ओतत राहिली.