मयताच्या भूमिकेत रघूदादा

"मयत सोडून काय बी दाखवा," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. "सत्काराच्या दिवशी मयत? नाय जमायचा."

महाडमध्ये माझा व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, उद्घाटनं. या वेळी कापडे गावाकडच्या एका वाडीच्या मुंबईकर मंडळानं सत्कारात दाखवायला शोरील सांगितलं होतं. शोरील म्हणजे नटाच्या कामांचे निवडक तुकडे जोडलेली छोटी फिल्म. सत्कार ज्यांचा, ते नट होते रघूदादा. उभा जन्म त्यांनी मुंबईत सिनेमात कामं केली, पण वाडीत ते कुणालाच पडद्यावर दिसले नव्हते. स्टुडिओत चहा पोचवत असतील, अशी सगळ्यांची खात्री. निवृत्त होऊन गावी आल्यावर हेच त्यांना झोंबत होतं.

फुटेज बघून मी डोक्याला हात लावला. हवालदार रघूदादा, पाठमोरे. वेटर रघूदादा, नुसता हात. एकाच सिनेमात ते अख्खे दिसत होते, हीरोचा मेलेला बाप म्हणून. हीरो त्यांना गदागदा हलवून रडतोय, त्याच्या नाकातलं पाणी यांच्या गालावर पडतंय, आणि यांची पापणीसुद्धा हलत नाही. इतकं सच्चं काम मी कधी एडिट केलं नव्हतं. मी फ्रेम क्रॉप केली, म्हणजे कडा कापून हीरोला हाकललं आणि रघूदादांचा चेहरा मोठा केला. अध्यक्षांना न सांगता तो सीन शेवटी ठेवला.

जानेवारीतल्या संध्याकाळी देवळासमोर स्क्रीन लागला. पाठ आली, हात आला. लोक जांभया देत होते. मग मयत आलं.

पहिला हंबरडा रघूदादांच्या थोरल्या बहिणीनं फोडला. "रघ्या रे, असा कसा गेलास!" बाकीच्या बायकांनी सूर धरला. रघूदादा तिच्या शेजारीच बसले होते.

"गो आक्का, मी हाय हितं!"

"गप रे. बघू दे."

सीन संपला. अध्यक्ष डोळे पुसत शाल घेऊन उठले, तर एक म्हातारबुवा आडवे आले. "मयताला रडून तशीच शाल घालता काय? आधी आंघोळी करा."

कुणी वाद घातला नाही. सगळी वाडी उठून आंघोळीला गेली, अध्यक्षसुद्धा. मांडवात रघूदादा आणि मी उरलो. मी ओशाळून माफी मागायला लागलो.

"माफी कसली मागतोस?" रघूदादा म्हणाले. "चहावाल्यासाठी एवढी माणसां आंघोळ करतील काय रे?"

ओल्या केसांनी, कुडकुडत मंडळी परतली आणि शाल, श्रीफळ रीतसर झालं. तेव्हापासून मयताचा सीन असला की मी क्लायंटला आधीच पाणी तापत ठेवायला सांगतो.