काका, काकू आणि खताचं पिंप

कुठलीही नवी वस्तू समोर आली की आमच्या शेजारचे काका आधी ती बोटांच्या पेरांनी ठोकायचे आणि म्हणायचे, "पोकळ आहे." पाण्याची टाकी असो, जावयानं आणलेलं कपाट असो, निकाल एकच. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तुमच्याही आळीत असा एखादा असेलच, त्याला नजरेसमोर ठेवून ऐका.

डहाणूजवळ नरपडला आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक तारेचं कुंपण. पलीकडे त्यांची चिकूची झाडं. पानं रोज गळायची आणि काका ती रोज संध्याकाळी दारातच पेटवायचे. ओली-सुकी सगळी एकत्र, म्हणजे जाळ कमी आणि धूरच जास्त. घरात त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, दमा. धूर आत शिरला की त्या तोंडाला पदर लावून मागच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. खोकला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा आणि माझं डोकं फिरायचं.

मी कुंपणाशी जाऊन सांगायची, काका, जाळू नका, पिंपात कुजवा, झाडांनाच खत होईल. पालथ्या घड्यावर पाणी. धुरानं डास जातात म्हणे. डास कुठले जातायत, एखाद दिवशी काकूच जायच्या.

सोळा साली डहाणूला शेतीच्या सामानाचं प्रदर्शन लागलं. दोघांना रिक्षात घालून मीच घेऊन गेले. प्लास्टिकचं पिंप काकांनी ठोकलं, लागला निकाल. एकावर एक रचलेले मातीचे माठ पाहून म्हणाले, माठ पाण्याला असतो, केराला नाही. तिसरं होतं तारेच्या जाळीचं. सुक्या पानांना हेच बरं, हवा खेळती राहते, असं दुकानदार सांगत होता. काकू जाळीला हात लावून ऐकत होत्या. "हे तर कोंबड्यांचं खुराडं," म्हणत काका चालू लागले. काकूही निघाल्या, पण जाळीवरचा हात त्यांनी जरा उशिरानं काढला.

आता खोटं का बोलू, माणूस प्रेमळ होता. हंगामाचे पहिले चिकू स्वतः घरोघर पोचवायचे. काकूंना धाप लागली की धावत जाऊन रिक्षा आणायचे, दवाखान्याच्या बाकावर बसून रडायचेसुद्धा. मी पाहिलंय. आणि तिला घरी आणून, आत निजवून, खिडकी लावून हा देवमाणूस पुन्हा पानं पेटवायचा! असलं प्रेम काय चुलीत घालायचं?

एकोणीस साली काका झोपेतच गेले. काकूंच्या आधी ते जातील असं कुणाच्या मनातही नव्हतं. सगळी आळी रडली. मीही रडले, आणि रडताना रागही येत होता.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. अंगणभर पानं साचली होती. त्यातून वाट काढत काकू कुंपणाशी आल्या. आता आठवण काढून रडतील, म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

"ती जाळी अजून मिळते का गं?" त्यांनी विचारलं.

मिळेल, उद्याच आणते, म्हटलं. मागे विहिरीजवळ लावू, म्हणजे लगेच कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. लोक काय, बोलतातच.

काकू पाणी प्यायल्या. जरा दम खाल्ला. मग दारासमोरच्या काळ्या पडलेल्या जमिनीकडे त्यांनी बोट केलं.

"मागं नको, तिथंच लाव," त्या म्हणाल्या. "सकाळी दार उघडलं की मला आधी ती दिसली पाहिजे."