दाऊदभाईंचा डावा खिसा

दाऊदभाई गेल्याची बातमी त्यांच्या नातवाने फोनवर दिली, तीही इंग्रजीत. "हसन अंकल, दादा पास्ड अवे." मी पंच्याऐंशीचा, आणि हा मला अंकल म्हणतो! पण त्या क्षणी चिडायचंही सुचलं नाही. राग नंतर आला, आणि दीड महिना झाला तरी उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात... पण या माणसाने मला जन्मभर वैताग दिला, तो मेल्यावरही थांबवला नाही.

दाऊदभाई माझे आतेभाऊ. साठच्या दशकात आम्ही दोघं रत्नागिरीहून आखातात, फुजैऱ्याला आलो आणि किनाऱ्यावरच्या एका दुकानात कामाला लागलो. आठवडाभर पोती उचलायची आणि शुक्रवारी नमाजनंतर मासळीचं कालवण जेवून ताणून द्यायची, एवढीच माझी चैन. तीही भाईंना बघवली नाही. गावामागे डोंगराच्या पायथ्याशी राखीव रान होतं. तिथलं झाड तोडायचं नाही, ठरल्याहून जास्त शेळ्या सोडायच्या नाहीत, असा गावाचा नियम. दर शुक्रवारी कुणी ना कुणी आपखुशीने जाऊन शेळ्या सगळ्या आहेत ना, धड आहेत ना, ते बघून येई. भाईंची स्वतःची एक शेळी नव्हती, तरी सगळ्यांच्या पुढे हेच! आणि एकटे जातील तर शपथ. "यल्ला हसन, ऊठ. मुकं जनावर ते, बघायला नको?"

मोजायची तऱ्हा तर विचारूच नका. दुसऱ्याचं जनावर बोट दाखवून मोजलं की नजर लागते, हे आमच्या घरातलं खूळ त्यांनी समुद्रापार नेलं. म्हणून खडे. खाकी कोटाच्या डाव्या खिशात शेळ्यांइतके खडे. रानाच्या दगडी भिंतीच्या फटीतून एकेक शेळी पाण्याला आली, की एकेक खडा उजव्या खिशात. शेवटी डाव्यात खडा उरला, तर शेळी हरवली. यासाठी त्या रणरणत्या उन्हात अंगात कोट! त्यात डाव्या खिशाला भोक. शिवा, शिवा म्हणून माझं तोंड दुखलं. उत्तर ठरलेलं, "इन्शाल्ला, पुढच्या जुम्म्याला."

अशाच एका शुक्रवारी त्या भोकातून एक खडा माझ्या पायाशी पडला. भाई शेळ्यांकडे बघत होते. मी बोललो असतो तर सगळी मोजणी पहिल्यापासून... पोटात कावळे ओरडत होते. मी त्या खड्यावर चप्पल ठेवली. थोड्या वेळाने शेळ्या संपल्या आणि खिसाही संपला. भाई खूश, "खलास! बराबर है." आणि मला मात्र लख्ख कळलं, की एक खडा कमी असून मेळ बसला, म्हणजे एक शेळीही कमी आहे. तरी मी म्हटलं, "चला भाई, भूक लागली."

हरवलेली शेळी उम्म सालेमची होती. ही एकटी राहणारी म्हातारी आम्हाला सणावाराला दूध पाठवायची, आणि तिच्याकडे तेवढी एकच दुभती शेळी. दोन दिवसांनी शेळी भाईंना सापडली, दगडांच्या घळीत, पाय मोडून मेलेली. वेळेवर शोधली असती तर वाचली असती. भाई तिच्या दारात उभे राहून म्हणाले, "अम्मा, गलती मेरी. मेरा जेब फटा था." मी मागे उभा होतो. चपलेखालच्या खड्याचं मात्र नाव काढलं नाही.

त्यानंतर त्यांनी खिसा शिवला, आणि दर शुक्रवारी मोजणी दोनदा. पहिली त्यांची, दुसरी माझ्याकडून! तीन वर्षं मी उन्हात करवादत दुसऱ्यांदा शेळ्या मोजल्या. दोनदा कशाला, हे विचारायची मात्र माझी छाती झाली नाही.

परवा दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये त्यांच्या घरी गेलो. सुनेने तो खाकी कोट आणून माझ्या मांडीवर ठेवला. डावा खिसा पोती शिवायच्या सुतळीने शिवलेला, आत खडे तसेच.

"अब्बांनी हा तुम्हालाच द्यायला सांगितलं, चाचा. आणि एक निरोप होता. आम्हाला काही त्याचा अर्थ लागला नाही."

"काय?"

"म्हणाले, हसनला सांगा, आता चप्पल उचल."

इतकी वर्षं! इतकी वर्षं या माणसाला माहीत होतं, आणि त्याने गुन्हा स्वतःच्या खिशावर घेतला. एकदा तरी शिवी द्यायची होती, भाई... माझ्या चपला बाहेर दाराशी होत्या. तरी मी सोफ्यावर बसल्या बसल्या उजवा पाय उचलला.