चारशे पाहुणे आणि सुमनआत्याचा एक प्रश्न

बॉटांच्या आगमनाचे पेढे वाटणारा मी आर्णीतला पहिला आणि बहुधा शेवटचा माणूस आहे.

झालं असं. या नव्या सोशल नेटवर्कला कोणी एक मालक नसतो. ज्याला हौस (आणि रिकामा वेळ) त्यानं आपला सर्व्हर उघडायचा, आपली माणसं जमवायची. मग असे सगळे सर्व्हर एकमेकांशी बोलतात. थोडक्यात, सोयरिकीचा मामला. मी 'आपलं आर्णी' उघडलं. माझ्यासकट एकतीस सभासद, त्यातले अर्धे घरचेच. रोज येणारी एकटी माझी सुमनआत्या. तिची बालमैत्रीण शकूमावशी लेकाकडे परदेशात गेलेली, आणि तो लेकही असाच एक सर्व्हर चालवणारा. दुपारी भांडी आवरली की दोघी त्यावर बोलत बसायच्या.

नाव नोंदवताना मी कोणाला काही विचारत नव्हतो. दारात आलेल्याला आधी पाणी द्यावं, चौकशी मागून करावी, ही आपली रीत. एका रविवारी जेवून आडवा झालो तेव्हा एकतीस होते, उठलो तर चारशे बारा! आत्या चहाला आली होती, पण माझं लक्ष कुठं? मी एकेका नव्या सभासदाला 'आपले सहर्ष स्वागत आहे' पाठवून राह्यलो होतो. मग गल्लीत पेढे वाटून आलो.

सोमवारी उजेड पडला: ही माणसं नव्हतीच, माणसाचं सोंग घेतलेले प्रोग्रॅम, म्हणजे बॉट होते. चारशेतला कोणी टकलावर केस उगवून देत होता, कोणी बसल्या जागी लखपती करत होता, आणि सगळे मिळून दुसऱ्यांच्या सर्व्हरवर जाऊन हाच गोंधळ घालत होते. शकूमावशीच्या लेकाचा निरोप आला: उद्या संध्याकाळपर्यंत साफ करा, नाहीतर संबंध तोडतो. मी एक हाकलला की दहा यायचे. शेवटी हात टेकले आणि आत्याला सांगितलं.

तिनं विचारलं, "म्हंजे शकूशी बोलणं बंद होईन माह्यं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्याची सगळी नोकरी कचेरीत लोकांचे अर्ज तपासण्यात गेलेली. तिनं चष्मा पुसला, माझ्याकडून सगळे अधिकार घेतले आणि हुकूम सोडला: सगळ्यांची खाती बंद, सगळ्यांनी नव्यानं अर्ज करायचा. अर्जात प्रश्न एकच. 'पाहुण्यांचा चहा झाला. ते म्हणाले, निघतो. तुम्ही काय म्हणाल?'

मी हसलो. (नंतर हसलो नाही.) धडाधड उत्तरं आली: 'भेटीबद्दल धन्यवाद.' 'आपला प्रवास सुखाचा होवो.' 'पुन्हा अवश्य भेट द्या.'

"निघतो म्हणणाऱ्या पाहुण्याले धन्यवाद?" आत्या म्हणाली. "हे माणसाचं काम नाही." आणि फटाफट नामंजूर. आपल्या माणसांनी लिहिलं, 'बसा ना, जाता कुठं?' राळेगावच्या मामांनी लिहिलं, 'चप्पल लपवून ठेवली आहे.' त्यांना तर तिनं सर्वात आधी घेतलं.

मंगळवारी दुपारपर्यंत बॉट साफ. तीसच्या तीस माणसं परत आली आणि शकूमावशी पहिल्यासारखी बोलू लागली. मी मनातल्या मनात आत्याच्या पाया पडलो. दिवसभर एकेकाला हाकलून मला जे जमलं नाही, ते तिनं एका कप चहावर केलं.

राहिला एकतिसावा. मी! मीही रीतसर लिहिलं होतं, 'बसा ना आत्या, जेवूनच जा.' नामंजूर.

"काहून?" मी विचारलं. "उत्तर तर बरोबर आहे."

"पाठ केलेलं आहे," आत्या म्हणाली. "रविवारी मी तीनदा निघते म्हटलं. तुनं मान तरी वर केली का?"

आता रोज दुपारी मी तिच्या घरी जातो, चहा पितो आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणतो, "निघतो मी, आत्या."

ती शकूमावशीशी बोलत असते. फोनमधून मान वर न करता म्हणते, "बरं."